आधी नोंदवही, मग कपाट: स्थानिक इतिहास मंडळ कसं चालवावं

एका जुन्या घराची आवराआवर चालली होती. तिथून आमच्या मंडळाकडे फोटोंनी भरलेला पत्र्याचा डबा आला. आणून देणाऱ्याला घाई होती आणि आम्हाला आनंद इतका झाला, की त्याचं नाव काय, डबा मुळात कुणाचा, कोणत्या खोलीत होता, काहीच विचारायचं सुचलं नाही. आत दोनेकशे फोटो. त्यातल्या एकात पायऱ्यांवर तीन रांगांत बसलेली चौतीस माणसं, पुढे पाटी धरून बसलेला एक मुलगा, आणि पाटीवरची अक्षरं उन्हानं पांढरी पडलेली. मागची बाजू कोरी. दोन वर्षं आम्ही तो फोटो दाखवत फिरलो. शेवटी नव्वदीला टेकलेल्या एका आजींनी मधल्या रांगेतल्या एकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आमचे थोरले दीर. छापखान्यात खिळे जुळवायचे." खिळे म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं. तेवढ्यावरून कळलं, की हा छापखान्यातल्या कामगारांचा फोटो आहे. बाकीचे तेहेतीस जण अजून बिननावाचेच आहेत.

हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे. जुन्या कागदाला वाळवी लागते, फोटोला ओल धरते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वस्तू बिघडण्याच्या कितीतरी आधी तिची माहिती जाते. कुणाची, कुठली, कधीची, आपल्याकडे कशी आली, हे सांगणारं माणूस गेलं की धडधाकट वस्तूसुद्धा मुकी होते. म्हणून मंडळ काढायचं ठरलं, की कपाट, काचेची पेटी, स्कॅनर हे सगळं नंतर. पहिली खरेदी जाड पुठ्ठ्याच्या, शिवलेल्या बांधणीच्या नोंदवहीची.

## हद्द आखून घ्या

अशी मंडळं नवी नाहीत. बॉस्टनमध्ये जेरेमी बेल्कनॅप यांनी १७९१ साली मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी काढली. पुण्यात वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. त्याच्या कितीतरी आधीपासून राजवाडे घरोघरची दप्तरं धुंडाळत होते आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्येच काढला होता. दोन्हीकडे जमवणं आणि छापून वाटणं ही कामं पहिल्यापासून जोडीनं चालली. कुलपात ठेवण्यासाठी कुणी जमवत नव्हतं.

पण त्यांच्या विस्ताराकडे पाहून आपणही सगळंच जमवू म्हटलं, तर सहा महिन्यांत खोली भरते आणि काम थांबतं. पहिल्याच बैठकीत अर्ध्या पानात लिहून काढा: कोणत्या भागाचा इतिहास, कोणत्या काळापासूनचा, आणि कोणत्या प्रकारच्या वस्तू. त्याच पानावर काय घेणार नाही हेही लिहा. मोठं फर्निचर, कुठल्याही वाचनालयात मिळणारी पुस्तकं, दुसऱ्या गावाशी संबंध असलेल्या वस्तू, ज्यांची निगा आपल्याला झेपणार नाही असं काहीही. हे पान हाताशी असलं, की नाही म्हणताना माणसाचा अपमान होत नाही. नियम दाखवता येतो आणि ती वस्तू कुठे शोभेल तेही सांगता येतं.

काळ ठरवताना शंभर वर्षांमागे जाण्याची घाई नको. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेला कारखाना, तीस वर्षांपूर्वीचा पूर, टेलिफोन बूथ चालवणारी माणसं, या सगळ्याचे साक्षीदार आज भेटतात. सगळ्यात झपाट्यानं नाहीसा होणारा इतिहास हाच असतो, कारण तो इतिहास आहे असं कुणाला वाटतच नाही.

हद्दीचा आणखी एक भाग आहे आणि त्यावर मी अडून बसतो. मंडळात जे बसतात, त्यांच्याच घरचा इतिहास आधी जमतो. शिकलेल्यांकडे कागद असतात, मालकांकडे हिशेब असतात, पुरुषांचे समारंभाचे फोटो असतात. भाड्यानं राहणारे, बाहेरून कामाला आलेले, घरकाम करणाऱ्या बायका यांचं काहीच हाती लागत नाही. मग पुस्तिकेतल्या गावात ही माणसं राहतच नव्हती असं चित्र उभं राहतं. यावर एक साधा उपाय आहे. आपल्या भागाचा मोठा नकाशा भिंतीवर लावा. कागद, फोटो, मुलाखत जिथून येईल तिथे एक टाचणी. सहा महिन्यांनी नकाशाकडे पाहिलं, की कोरे भाग आपोआप डोळ्यांत खुपतात. पुढचे सहा महिने तिकडेच जायचं.

माणसं सुरुवातीला पाच-सहा पुरतात, पण कामं नावानिशी वाटा. नोंदवही एकाच्याच हातात असावी आणि त्या व्यक्तीच्या गैरहजेरीत लिहायला दुसरं एक माणूस तयार असावं. दहा जणांनी दहा पद्धतींनी लिहिलेली नोंदवही पुढे कुणालाच उलगडत नाही. संस्थेची नोंदणी, घटना, बँकेतलं खातं ही कामं आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे पहिल्या वर्षात उरकून टाका. ती कंटाळवाणी आहेत, पण वस्तू व्यक्तीच्या नावावर राहिल्या तर त्या व्यक्तीनंतर वारसांशी वाद होतात.

## वस्तू दारात येते तेव्हा

आणणारं माणूस समोर असतं ती दहा मिनिटं मोलाची. वस्तू हातात घेण्याआधी त्याला बसवा आणि विचारा: हे कुणाचं होतं? तुमचं त्यांच्याशी नातं काय? घरात ते कुठे ठेवलेलं असायचं? कशासाठी वापरायचे? याबद्दल घरात काही सांगत असत का? उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा. "आजी याला हात लावू द्यायची नाही" हे वाक्य वस्तूच्या मापांपेक्षा पुढच्या संशोधकाला जास्त सांगून जातं.

मग दानपत्र. एकच पान, सोप्या भाषेत. देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही, वस्तूंची यादी, मालकी मंडळाकडे येते हे स्पष्ट वाक्य, छापण्याची आणि लोकांना दाखवण्याची परवानगी, नाव जाहीर करायचं की नाही, आणि पुढे वस्तू आपल्या कामाची नाही असं ठरलं तर ती परत करायची, दुसऱ्या संस्थेला द्यायची की काय करायचं. शेवटचा मुद्दा बोलायला अवघड वाटतो, म्हणून बहुतेक जण टाळतात. पण पुढच्या रागारुसव्यांचं मूळ तिथेच असतं.

"असू दे तुमच्याकडे, लागलं तर नेईन" या बोलीवर काहीही ठेवून घेऊ नका. पंधरा वर्षांनी ते कुणाचं, हे दोन्ही बाजूंना आठवत नाही. कुणाला मूळ कागद द्यायचा नसेल तर त्यात गैर काही नाही. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या डोळ्यांदेखत स्कॅन करा आणि मूळ तिथेच राहू द्या. आमचा अनुभव असा, की अशा घरांतूनच पुढे जास्त मिळतं, कारण विश्वास बसलेला असतो.

कागदांचा गठ्ठा आला की हात शिवशिवतात: पत्रं एकीकडे, पावत्या दुसरीकडे, फोटो तिसरीकडे. थांबा. एका माणसाचे वा कुटुंबाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत, हा दंडक फ्रान्सच्या अभिलेखागारात १८४१ साली घातला गेला आणि आज जगभर तो पाळतात. त्याच्या जोडीला दुसरा नियम आला: मालकानं ज्या क्रमानं ठेवलं तो क्रम मोडायचा नाही. वहीच्या एखाद्या पानात घडी घालून ठेवलेलं पत्र बहुधा त्याच पानावरच्या व्यवहाराचं असतं. ते पत्रांच्या फाइलीत गेलं, की दोन्ही कागद अर्धे होतात. काही उघडण्याआधी गठ्ठ्याचा जसाच्या तसा मोबाइलवर फोटो काढा, मगच दोरी सोडा.

## क्रमांक आणि नोंद

क्रमांकाची पद्धत साधी ठेवा. संग्रहालयांत रुळलेली तीन भागांची पद्धत लहान मंडळालाही पुरते: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, त्या देणगीतली कितवी वस्तू. म्हणजे २०२५.१४.३ हा २०२५ मधल्या चौदाव्या देणगीतला तिसरा नग. क्रमांकात अर्थ कोंबू नका. "फ" म्हणजे फोटो, "शा" म्हणजे शाळा असं सुरू केलं, की शाळेचा फोटो आल्यावर घोळ होतो. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा वापरायचा नाही, वस्तू हरवली तरी.

नोंद किती सविस्तर हवी, याचा अंदाज यावा म्हणून एक नमुना देतो:

"२०२५.१४.३. फोटो, कृष्णधवल, १५ × १० सेंमी, उजवा वरचा कोपरा दुमडलेला. पायऱ्यांवर तीन रांगांत ३४ पुरुष, पुढे पाटी धरलेला मुलगा, पाटीवरचा मजकूर वाचता येत नाही. मागे काही लिहिलेलं नाही. मधल्या रांगेत डावीकडून दुसरे छापखान्यात खिळे जुळवणारे गृहस्थ, असं त्यांच्या भावजयीनं सांगितलं, मुलाखत क्र. ११. काळ: अंदाजे १९५०चं दशक, कपड्यांवरून. ठिकाण: अज्ञात."

यात काय दिसतं, काय लिहिलेलं आहे, कुणी काय सांगितलं आणि आपला अंदाज काय, हे चारही वेगळे ठेवले आहेत. "१९५५ सालचा छापखाना" एवढंच ठोकून दिलं असतं, तर पुढच्या माणसाला वाटलं असतं की तारीख पक्की आहे. "अंदाजे" आणि "अज्ञात" हे शब्द लिहायला लाजू नका. डावीकडून-उजवीकडून म्हणजे पाहणाऱ्याच्या डावी-उजवीकडून, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

क्रमांक कागदावर मऊ पेन्सिलीनं, मागच्या बाजूला, कोपऱ्यात आणि हलक्या हातानं. शाईचं पेन, बॉलपेन, रबरी शिक्का, चिकटणारी लेबलं नकोत. प्लॅस्टिकचा लेप असलेल्या अलीकडच्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही. त्यांचा क्रमांक पाकिटावर लिहावा आणि तोही फोटो आत घालण्याआधी, नाहीतर अक्षरांचे वळ फोटोवर उठतात.

वहीसोबत संगणकावर तक्ताही ठेवा. रकान्यांची नावं मनानं ठरवण्यापेक्षा डब्लिन कोअर ही पद्धत पाहा. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ती निघाली. तिच्यात शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, दिनांक, हक्क असे पंधरा रकाने आहेत आणि ती जगभरच्या ग्रंथालयांना समजते. पुढेमागे आपली यादी मोठ्या संस्थेच्या यादीला जोडायची झाली तर पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागत नाही.

## कागद आणि फोटो सांभाळताना

महागडं सामान नसेल तरी निम्मं काम जागेच्या निवडीत होतं. माळा तापतो आणि तळघरात ओल येते, म्हणून दोन्ही नकोत. इमारतीच्या मधली, बाहेरच्या भिंतीला न लागणारी, वरून पाण्याचा नळ न जाणारी खोली निवडा. खोकी जमिनीपासून वीतभर तरी वर. वीस अंशांच्या आसपास तापमान आणि ३० ते ५० टक्के आर्द्रता कागदाला मानवते, ६५ टक्क्यांच्या वर बुरशी धरायला लागते. दमट हवेच्या ठिकाणी हे आकडे गाठणं कठीण असतं, तरी चढउतार कमी ठेवणं हातात असतं. दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, यापेक्षा सतत पंखा आणि खेळती हवा बरी. आर्द्रता मोजायचं लहान यंत्र भिंतीला लावा आणि आठवड्याला आकडा टिपा.

अठराव्या शतकातला कागद पांढराशुभ्र आणि १९७०चं वर्तमानपत्र पिवळं पडून तुकडे होणारं, हे पाहून नवे सभासद चकित होतात. कारण कागदाच्या घडणीत आहे. जुना कागद चिंध्यांपासून व्हायचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाचा लगदा आला आणि त्यातल्या लिग्निन या घटकामुळे कागद पिवळा पडतो, आम्ल वाढून ठिसूळ होतो. म्हणून वर्तमानपत्राचं कात्रण जुन्या पत्राला खेटून ठेवू नका, त्याचा डाग पलीकडे उतरतो. कात्रणाची प्रत चांगल्या कागदावर काढा आणि मूळ वेगळ्या पाकिटात घाला.

टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजतात, हळूच काढा. रबरबँडही. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावणं हा सगळ्यात सर्रास घडणारा अपराध आहे. पाचदहा वर्षांत पट्टी गळून पडते, डिंक मात्र कागदात मुरून तपकिरी डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन त्याहून वाईट. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानंसुद्धा १९३०च्या दशकापासून कितीतरी दस्तांवर प्लॅस्टिकचा थर चढवला होता. पुढे तोच थर कागदाला बाधतो आणि उतरवणं महाकठीण, हे लक्षात आलं. जे पूर्ववत करता येत नाही ते करायचं नाही, एवढी कसोटी प्रत्येक उपायाला लावा.

हातमोजे घालून जुना कागद चाळणारी माणसं चित्रांत छान दिसतात. प्रत्यक्षात सुती मोज्यांत बोटांना कागदाची धार कळत नाही आणि कागद फाटतो. स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हात उत्तम. फोटो, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तूंना मात्र नायट्राइलचे मोजे हवेत, कारण बोटांचा घाम त्यांच्यावर ठसा सोडतो.

फोटोंची पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. स्वस्त, तीव्र वासाचं, मऊ पीव्हीसी कालांतरानं आम्ल सोडतं. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला, तर ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे असं समजा. ती फिल्म लगेच वेगळी काढा आणि स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे घ्या, कारण तो वास शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बिघडवतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म तर भडकन पेट घेते. तशी शंका आली तर घरी काही न करता जाणकाराला दाखवा.

कसर, वाळवी, झुरळं यांसाठी फवारे मारू नका. नव्या आलेल्या प्रत्येक खोक्याला पंधरा दिवस दुसऱ्या खोलीत वेगळं ठेवा, तळाशी पांढरा कागद घाला. त्यावर भुसा, विष्ठा, किड्याचे पंख पडले तर कळतं. कागदांत कीड सापडलीच, तर ते पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांच्या शीतपेटीत आठवडाभर ठेवतात आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता हळूहळू खोलीच्या तापमानाला आणतात. काचेवरचे फोटो, तैलचित्रं यांना हा उपाय चालत नाही.

## स्कॅनिंग

स्कॅनर आला की मंडळात उत्साह संचारतो आणि दोन महिन्यांत "स्कॅन०००१" ते "स्कॅन०९९९" अशा फाइली साठतात. कुठल्या फाइलीत काय आहे, कुणालाच माहीत नसतं. क्रमांक आधी, स्कॅन नंतर. फाइलीचं नाव म्हणजे वस्तूचा क्रमांक, त्यापुढे पान. तारीख लिहायची तर वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, म्हणजे यादी आपोआप कालक्रमानं लागते.

कागद ४०० पीपीआय (दर इंचाला ४०० ठिपके), फोटो ६००, लहान निगेटिव्ह ३०००च्या पुढे. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीत स्कॅन करा. पिवळेपणा, शाईचा रंग, मागचा शिक्का हीही माहिती असते. मागची बाजू कोरी असली तरी स्कॅन करा, म्हणजे ती कोरीच होती हे नोंदलं जातं. मूळ प्रत टिफ या प्रकारच्या फाइलीत, तिला हात लावायचा नाही. वाटायला त्यावरून जेपीईजी. उजळपणा वाढवणं, डाग पुसणं, रंग भरणं हे वाटायच्या प्रतीवर चालेल, पण तसं केलं हे खाली लिहावं. अलीकडे यंत्रानं रंग भरलेले जुने फोटो सगळीकडे फिरतात. त्या साडीचा रंग यंत्रानं ठरवलेला असतो, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. वर्षातून एकदा ठरलेल्या दिवशी सगळ्या प्रती उघडून पाहा. डिस्क फक्त कपाटात असणं म्हणजे प्रत असणं नव्हे.

## आठवणी ध्वनिमुद्रित करताना

कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत. माझ्या हातात असतं तर प्रत्येक मंडळानं पहिल्या वर्षी अर्धा वेळ मुलाखतींना दिला असता.

इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचा पहिला मोठा उपक्रम सुरू केला, तेव्हापासून या कामाला शिस्त आली. पण त्याहून जुना एक प्रयत्न प्रत्येक मुलाखतकारानं लक्षात ठेवावा असा आहे. १९३६ ते १९३८ या काळात अमेरिकी सरकारच्या एका योजनेत, गुलामगिरीत जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या २,३०० हून अधिक मुलाखती घेतल्या गेल्या. घेणारे बहुतेक गोरे. चार्ल्स्टनमधल्या एका वृद्ध बाईंची मुलाखत योगायोगानं दोघांनी घेतली, एक गोरी बाई आणि एक कृष्णवर्णीय पुरुष. पहिलीला त्यांनी मालकाच्या भलेपणाबद्दल सांगितलं, दुसऱ्याला मालकांच्या क्रूरपणाबद्दल. माणूस तेच, शहर तेच. विचारणारा कोण, यावर उत्तर ठरतं. आपल्याकडे घरमालकाच्या मुलानं भाडेकरूची मुलाखत घेतली तर काय होईल, याचा विचार करूनच माणूस पाठवा, आणि नोंदीत मुलाखतकाराचंही नाव लिहा.

तयारीसाठी आधी एकदा रिकाम्या हातानं भेटून या. संमतिपत्र समजावून सांगा: ध्वनिमुद्रण कुठे राहील, कोण ऐकेल, एखादा भाग वगळायचा असेल तर सांगता येईल. दुसऱ्या भेटीत मुद्रण. पंखा, दूरचित्रवाणी, मोबाइल बंद. लहानसा कॉलर माइक घ्या आणि वॅव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी मांडणी ठेवा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघांची नावं मोठ्यानं बोला.

प्रश्न लहान असावेत आणि होय-नाहीत संपणारे नसावेत. "पूर्वी सगळं चांगलं होतं ना?" याला काय उत्तर येणार? "सकाळी उठल्यावर पाणी कुठून आणायचात?" असं विचारलं, की वाट, विहीर, रांग, भांडण, कोण आधी भरायचं आणि कुणाला थांबावं लागायचं, सगळं येतं. फोटो किंवा हातानं काढलेला गल्लीचा नकाशा पुढे ठेवा. आम्ही एका आजोबांना कोरा कागद दिला आणि म्हटलं, लहानपणीचा रस्ता काढून दाखवा. आधी नाही म्हणाले, मग पाऊण तास मान वर केली नाही. प्रत्येक घराला रेघ मारताना त्या घरातल्या माणसांबद्दल बोलत होते. मध्येच पेन्सिल थांबली. म्हणाले, "इथे एक झाड होतं. त्याच्यानंतरचं घर आठवत नाही, झाडच आठवतं." तो कागद आता आमच्या संग्रहात आहे, मुलाखतीच्याच क्रमांकाला जोडून.

शांतता आली तर भरू नका. दहा सेकंद मोजा. सनावळ्यांसाठी अडून बसू नका, "लग्नाआधी की नंतर", "पुराच्या आधी का" असं विचारा. तारखा नंतर कागदांवरून लावता येतात. दीड तासावर बसू नका.

घरी आल्यावर त्याच रात्री फाइल उतरवा, नाव द्या, प्रत काढा. मग कुठल्या मिनिटाला कोणता विषय आहे, त्याची यादी करा. मुलाखत शब्दन् शब्द लिहून काढणं जमलं तर उत्तमच, पण एका तासाच्या मुलाखतीला सहा-सात तास सहज लागतात आणि त्या ओझ्याखाली मुलाखतीच बंद पडतात. मिनिटवार यादी अर्ध्या दिवसात होते. लिहिताना बोली सुधारू नका. आणि मुलाखतीची एक प्रत त्या घरी नेऊन द्या.

## हक्क

फोटो आपल्याकडे असणं आणि तो छापण्याचा हक्क आपला असणं या दोन वेगळ्या गोष्टी. हक्क सहसा निर्मात्याकडे वा त्याच्या वारसांकडे असतो. लेखनाच्या बाबतीत बहुतेक देशांत तो लेखकाच्या मृत्यूनंतर ५० ते ७० वर्षं टिकतो, भारतात ६०. पत्रातला मजकूर लिहिणाऱ्याचा, मिळालेल्याचा नव्हे. कायद्यापलीकडेही पाहा: दवाखान्याचे कागद, दत्तक, गुन्हे, घरातली भांडणं यांत जिवंत माणसांची नावं असतात. असं पाकीट ठरावीक वर्षांसाठी बंद ठेवा आणि ते कधी उघडायचं हे त्याच्यावरच लिहा.

## लोकांपुढे न्या

पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन यांनी १७९१ मध्येच, जुनी सरकारी कागदपत्रं जमवणाऱ्या एका गृहस्थांना पत्र लिहिलं होतं. आशय असा, की जे उरलंय ते तिजोऱ्या आणि कुलपांनी वाचणार नाही, प्रती इतक्या वाढवा की अपघाताचा हात पोचू नये. आजही याहून चांगला सल्ला नाही.

सगळ्यात फळणारा कार्यक्रम म्हणजे ओळख-बैठक. न ओळखलेल्या पंचवीस फोटोंच्या मोठ्या प्रती टेबलांवर मांडा. प्रत्येक फोटोवर पारदर्शक कागद, त्यावर माणसांच्या डोक्यांच्या जागी आकडे, शेजारी पेन्सिल आणि तक्ता. दुपारची वेळ ठेवा, म्हणजे म्हाताऱ्यांना येणं सोपं. दोन माणसं एकाच चेहऱ्याला दोन नावं देतात, तेव्हा दोन्ही लिहून घ्या, कोण म्हणालं त्यासह.

प्रदर्शनात मूळ वस्तू कमीत कमी. प्रकाशाचं नुकसान साठत जातं, अंधारात ठेवल्यानं भरून येत नाही. कागद, कापड, फोटो यांना ५० लक्सहून (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको आणि तीन महिन्यांनंतर विश्रांती हवी. चांगल्या छापलेल्या प्रती लावा, त्या मोठ्या करता येतात आणि लोक हात लावू शकतात. पाटीवर साठ शब्दांहून जास्त लिहू नका. पहिलं वाक्य वस्तूकडे बोट दाखवणारं असावं: "डाव्या कोपऱ्यातली जळकी खूण पाहा."

पायी फेरी काढायची तर दीड तास, आठ थांबे, आणि प्रत्येक थांब्यावर त्याच जागेचा जुना फोटो हातात. दंतकथा सांगायला हरकत नाही, पण "असं सांगतात" म्हणून सांगा. भुयार इथून किल्ल्यापर्यंत जातं, हे जवळपास प्रत्येक गावात सांगतात. ती कथा कधीपासून सांगितली जाते आणि कोण सांगतं, हाही इतिहासच आहे. मात्र पुरावा काय, असं एखाद्या शाळकरी मुलीनं विचारलं, तर तिला नोंदवही उघडून दाखवता आली पाहिजे.

## वाईट दिवसाची तयारी

४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरली आणि लाखो पुस्तकं चिखलात गेली. ३ मार्च २००९ ला जर्मनीतल्या कलोनच्या शहर अभिलेखागाराची इमारत शेजारच्या मेट्रोच्या खोदकामामुळे कोसळली. २ सप्टेंबर २०१८ ला ब्राझीलमधल्या रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, त्यात आदिवासी भाषांची ध्वनिमुद्रणंही गेली. एवढ्या मोठ्या संस्थांवर ही वेळ आली, तर आपल्या एका खोलीवर कधीही येऊ शकते.

एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा: वीज कुठे बंद करायची, पाणी कुठे बंद करायचं, कुणाला फोन, आणि आधी कोणती पाच खोकी उचलायची. नोंदवही त्या पाचांत पहिली. भिजलेल्या कागदाला ४८ तासांत बुरशी धरू लागते. थोडेच असतील तर सुटे करून, वाऱ्यावर, उन्हात न घालता वाळवा. फार असतील तर पिशव्यांत भरून गोठवा, मग सावकाश एकेक काढता येतात. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका.

नोंदवहीशेजारीच आणखी एक पाकीट ठेवा. मंडळ कधी बंद पडलं तर संग्रह कोणत्या संस्थेकडे जाईल, हा घटनेतला ठराव आणि त्या संस्थेचं लेखी होकारपत्र. सगळ्या खात्यांचे पासवर्ड, संकेतस्थळाचं नूतनीकरण कधी करायचं ती तारीख, कपाटाच्या दुसऱ्या किल्लीची जागा. हे पाकीट कुठे आहे, ते किमान तीन सभासदांना ठाऊक हवं, आणि त्यातला एक तरी तिशीच्या आतला असावा.